यादी दाखवा, नाहीतर माल उचला

जाहीर इशारा : बारामती आणि इंदापूर तालुके

लहान मुलांचा शाम्पू, बॉडी वॉश, साबण, पावडर आणि मालिशचं तेल बनवणारे, बाटल्यांत भरणारे, गावोगाव पोचवणारे आणि दुकानात विकणारे, तसंच या मालावर नजर ठेवणं ज्यांच्या नोकरीचा भाग आहे ते सरकारी अधिकारी, या सर्वांनी हा इशारा नीट वाचावा.

आजपासून तीस दिवसांची मुदत आहे.

या तीस दिवसांत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत नसलेला बाळांचा एकही नग दोन्ही तालुक्यांतल्या फळीवर उरता कामा नये. ज्या पुडीवर किंवा छोट्या बाटलीवर घटकांची यादी छापलेली नाही, तिची यादी दुकानदाराने कंपनीकडून मागवून मराठीत दुकानात लावावी. एकतिसाव्या दिवशी या अटींत न बसणारा माल आम्ही रोख पैसे मोजून विकत घेऊ, पक्की पावती घेऊ आणि सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला पाठवू. अहवाल हातात आल्यावर मिटवामिटवीची बोलणी होणार नाहीत.

आम्ही म्हणजे या दोन तालुक्यांतले आईबाप आणि आजी-आजोबा. कोणत्याही एका कंपनीवर आमचा दात नाही, कोणत्याही दुकानदाराशी वैर नाही. आमच्या लेकरांच्या अंगाला काय लागतं, एवढं जाणून घेण्याचा हक्क आम्ही मागतो आहोत. तो मिळाल्याशिवाय आम्ही गप्प बसणार नाही.

बाळाची कातडी वेगळी असते

साडेतीन किलोचं बाळ आणि सत्तर किलोचा बाप यांचा हिशेब मांडून बघा. दर किलो वजनामागे बाळाच्या कातडीचा पसारा बापाच्या दुपटीहून जास्त भरतो. म्हणजे सारख्याच प्रमाणात काही अंगभर चोळलं, तर वजनाच्या मानाने बाळाच्या वाट्याला दुपटीहून अधिक येतं. त्यात बाळाच्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो. शरीरात गेलेलं बाहेर टाकणारं यकृत आणि मूत्रपिंडं पहिल्या महिन्यांत पुरती तयार झालेली नसतात.

मोठ्या माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण साडेपाचच्या आसपास असतो. हा आम्लाचा पातळ थर जंतूंना रोखतो आणि ओलावा धरून ठेवतो. बाळ जन्मतं तेव्हा हा थर तयार नसतो, तो पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू बनतो. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. जो थर अजून बनतो आहे, त्याच्यावर रोज दोन वेळा असा साबण घासला तर तो बनणार कधी? जन्मल्यावर पहिले २४ तास बाळाला आंघोळ घालू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तिथेही ऊब टिकवण्याबरोबर त्वचेवरचं जन्मजात संरक्षण टिकवण्याचा विचार आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती पाण्याची. बारामतीचा जिरायती पट्टा असो की इंदापूरची बोअरवर जगणारी गावं, पाणी क्षाराचं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आई आणखी साबण लावते. क्षार आणि साबण यांचा चिकट साका कातडीवर राहतो, नीट धुतला जात नाही. मग काखेत, मांडीच्या वळ्यांत, मानेच्या घडीत लाली येते. घरातले म्हणतात उष्णता झाली. कधी ती उष्णता असते, कधी बाटलीतलं द्रव्य असतं. बाटलीवर काय लिहिलंय हे वाचल्याशिवाय डॉक्टरलाही ते सांगता येत नाही.

ही नावं ओळखून ठेवा

विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही.

पहिला गट, फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या द्रव्यांचा. लेबलवर फॉर्मल्डिहाइड हा शब्द सहसा सापडत नाही. तिथे क्वाटर्नियम-१५, डीएमडीएम हायडँटॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायाझोलिडिनिल युरिया अशी नावं असतात. ही द्रव्यं माल टिकावा म्हणून घालतात आणि ती थोडं थोडं फॉर्मल्डिहाइड सोडत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. त्या निष्कर्षाचा मुख्य आधार श्वासावाटे जाणाऱ्या वायूचा आहे. त्वचेवर त्याचा नित्याचा त्रास म्हणजे ॲलर्जी, आणि एकदा जडलेली ॲलर्जी सहसा जन्मभर साथ सोडत नाही.

दुसरं नाव, मिथाइलआयसोथायाझोलिनोन. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये याला त्या वर्षीचं सर्वांत लक्ष देण्याजोगं ॲलर्जीकारक द्रव्य ठरवलं. अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये युरोपीय संघाने २०१७ पासून त्याला बंदी केली आणि धुऊन टाकायच्या शाम्पूत दहा लाखात पंधरा भाग एवढीच मर्यादा घातली.

तिसरं, १,४-डायॉक्सेन. हे यादीत कधीच सापडणार नाही, कारण ते कोणी मुद्दाम घालत नाही. फेस आणणारं द्रव्य सौम्य करण्यासाठी कारखान्यात जी प्रक्रिया करतात, त्यातून ते मागे उरतं. सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा पीईजी अशी नावं यादीत असतील तर हा अवशेष असू शकतो. कारखान्याने शेवटी निर्वात पद्धतीने माल शुद्ध केला तर तो बहुतांश काढता येतो. त्याला खर्च येतो, एवढंच. अमेरिकेत २००९ मध्ये एका ग्राहक मोहिमेने मुलांची ४८ उत्पादनं तपासली, त्यांतल्या ३२ मध्ये हा अवशेष सापडला. पालकांनी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी जॉन्सन अँड जॉन्सनला २०१३ अखेरपर्यंत बाळांच्या मालातून फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्यं काढण्याचं आणि डायॉक्सेनचं प्रमाण खाली आणण्याचं वचन द्यावं लागलं, आणि तसा बदललेला माल बाजारात आला. जे तिथल्या आईबापांनी करून घेतलं, ते इथले आईबाप का करून घेणार नाहीत?

चौथा गट पॅराबेनचा. त्यांतली प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन तीन वर्षांखालच्या मुलांच्या मालातून डेन्मार्कने २०११ मध्येच हद्दपार केली.

पाचवं, सुगंध. यादीतल्या या एका शब्दामागे डझनावारी द्रव्यं दडलेली असू शकतात. कंपनी त्याला व्यापारी गुपित म्हणते. बाळाला सुगंधाची गरज नसते. ती गरज विकणाऱ्याला असते.

सहावं, बोरिक ॲसिड. पूर्वी घराघरात बाळाच्या काखेत-जांघेत बोरिक पावडर टाकत. युरोपीय संघाच्या नियमांनी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ती चालत नाही. ती घरात असेल तर बाळापासून लांब ठेवा.

आणि सातवं नाव सर्वांत जड आहे. हेक्साक्लोरोफिन. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका बेबी पावडरमध्ये कारखान्यातल्या चुकीमुळे हे जंतुनाशक सहा टक्क्यांपर्यंत मिसळलं गेलं. ३६ बाळं दगावली. आईने पावडरच लावली होती, दुसरं काही केलं नव्हतं. आपल्या भारतीय नियमांतही म्हणूनच हेक्साक्लोरोफिनच्या साबणावर 'बाळांसाठी वापरू नये' अशी सूचना छापणं बंधनकारक ठरलं. हा नियम कोणाच्या कल्पनेतून आलेला नाही. त्याच्यामागे मेलेली मुलं आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. टिकाऊपणासाठी घातलेलं प्रत्येक द्रव्य वाईट नसतं. पाणी असलेल्या मालात असं द्रव्य नसेल तर त्यात जंतू वाढतात आणि तेही बाळाला घातकच. 'केमिकल-फ्री' असं मिरवणारी बाटली म्हणून आम्हाला नको. आम्हाला नाव आणि प्रमाण लिहिलेली, तपासलेली बाटली हवी.

साठ मिलीलीटरची पळवाट

सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलाचे नियम सांगतात की घटकांची यादी उतरत्या प्रमाणात छापली पाहिजे. पण त्याच नियमांत एक सूट आहे. साठ मिलीलीटरपेक्षा लहान द्रव पदार्थाच्या आणि तीस ग्रॅमपेक्षा लहान घट्ट पदार्थाच्या वेष्टनावर यादी नसली तरी चालते.

ही सूट कोणाच्या अंगावर पडते ते बघा. पुण्यातली आई दोनशे मिलीलीटरची बाटली घेते, तिच्यावर यादी असते. इंदापूरच्या वाडीवरची आई रुपया-दोन रुपयांची पुडी घेते, तिच्यावर यादी नसते. बाळांचा शाम्पू परवडत नाही म्हणून मोठ्यांच्या पुडीतलाच थेंबभर बाळाच्या डोक्याला लागतो. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना माहिती मिळते, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्या बाळावर अंदाजाने काहीही लागतं.

गळीत हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांच्या परिसरात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला कोपी पडते. त्या कोपीत तान्ही बाळं असतात. त्यांची आई पहाटे कोयता घेऊन निघते आणि कॅनॉलच्या किंवा टँकरच्या पाण्याने बाळाला न्हाऊ घालते. तिच्या हातात जवळच्या टपरीवरची पुडी असते. यादीची सूट या बाईसाठी नाही, तिच्या विरोधात आहे.

आठवडे बाजारातल्या पथारीवर नाव-पत्ता नसलेली रंगीत बाटली दिसली की समजा, तिला कोणतीच सूट लागू नाही. ती सरळ बेकायदा आहे. मोठ्या कॅनमधून सुटा काढून जुन्या बाटलीत भरून दिलेला शाम्पूही तसाच. बाळासाठी तो घेऊ नका आणि विकू नका.

पुण्याच्या नमुन्यांना चार वर्षं लागली

अधिकाऱ्यांना हा इशारा कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

२०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचे नमुने पुण्यातून आणि नाशिकमधून घेतले. पावडर मुलुंडच्या कारखान्यात बनत होती. सरकारी प्रयोगशाळेने सांगितलं की तिचा पीएच ठरलेल्या मर्यादेत नाही. परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला १५ सप्टेंबर २०२२ रोजी. पाच दिवसांनी उत्पादन आणि विक्री ताबडतोब थांबवण्याचा दुसरा आदेश निघाला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नव्याने नमुने तपासायला लावले, आणि ते मानकांत बसले. ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने प्रशासनाचे आदेश रद्द केले आणि दिरंगाईबद्दल प्रशासनाला सुनावलं.

या निकालाने कंपनीला दिलासा मिळाला. पण आईबापांच्या हाती काय आलं? २०१८चा तो माल खरोखर सदोष असेल, तर तो केव्हाच बाळांच्या अंगाला लागून संपला होता. तो निर्दोष असेल, तर एका उत्पादकाच्या नावाला विनाकारण बट्टा लागला. दोन्हीकडून नुकसानच, आणि दोन्हींचं कारण एकच. नमुना घेणं आणि कारवाई करणं यांच्यात चार वर्षं गेली.

त्याआधीही असंच घडलं होतं. मुलुंडच्याच कारखान्यात २००७ मध्ये पावडरीच्या काही बॅचेस एथिलीन ऑक्साइड या वायूने निर्जंतुक केल्या गेल्या. हा वायू कर्करोगकारक मानला जातो, आणि त्याचा अवशेष उरला की नाही याची आवश्यक चाचणी झाली नसल्याचा ठपका प्रशासनाने ठेवला. परवान्यावर कारवाई झाली २०१३ मध्ये. पुढे उत्पादन पुन्हा सुरू झालं. पण २००७ साली ज्यांना ती पावडर लागली, ती बाळं तोवर शाळेत जायला लागली होती.

२०१९ मध्ये राजस्थानच्या औषध नियंत्रकांनी जॉन्सनच्याच बेबी शाम्पूच्या दोन बॅचेसमध्ये फॉर्मल्डिहाइड असल्याचं सांगितलं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने राज्यांना लिहून विक्री थांबवायला आणि नमुने तपासायला सांगितलं. कंपनीने तो निष्कर्ष नाकारला, आणि पुढे केंद्राच्या तपासणीतून माल निर्दोष ठरल्याचं तिने जाहीर केलं. एक प्रयोगशाळा एक सांगते, दुसरी दुसरं. मधल्या काळात आईने काय वापरायचं, हे तिला कोणीच सांगितलं नाही.

महाराष्ट्राला याची किंमत आधीच कळायला हवी होती. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या वेळच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. ग्लिसरीन आज बाळांच्या साबणातही असतं आणि लोशनमध्येही. कच्चा माल कुठून आला, तो कोणी तपासला, हा प्रश्न तेव्हा जितका जिवाचा होता तितकाच आजही आहे.

सरकारने दिलेल्या पेटीचं काय

२०१९ मध्ये राज्य सरकारने बेबी केअर किटची योजना आणली. सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालेल्या आईला ही पेटी मिळावी, असं ठरलं. पेटीच्या यादीत मच्छरदाणी, टॉवेल, थर्मामीटर यांच्याबरोबर मालिशचं तेल, शाम्पू आणि बॉडी वॉश आहे. योजना चांगल्या हेतूची आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही. पण ज्या बाटलीवर सरकारचा हात फिरला आहे ती बाटली आई डोळे झाकून वापरते. म्हणून तिची जबाबदारी दुकानातल्या बाटलीपेक्षा जास्त आहे.

आमची मागणी अशी : या दोन तालुक्यांत अशा पेट्या जिथे जिथे वाटल्या जातात, तिथल्या अंगणवाडीत आणि दवाखान्यात त्या बॅचचा तपासणी अहवाल मराठीत भिंतीवर लावा. अहवाल नसेल तर शाम्पू आणि बॉडी वॉश पेटीतून काढून ठेवा. बाकीच्या वस्तू द्या. पहिल्या काही महिन्यांत बाळाला कोमट पाणी पुरतं. शाम्पू मिळाला नाही म्हणून कोणतं बाळ आजारी पडलेलं नाही.

कोणी काय करायचं

उत्पादक आणि माल भरणाऱ्या कंपन्यांनी : बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगावर, तो कितीही लहान असला तरी, घटकांची पूर्ण यादी छापा. कायद्याची सूट घेऊ नका. दर बॅचचा पीएच, फॉर्मल्डिहाइड आणि १,४-डायॉक्सेन यांचा अहवाल मागेल त्याला द्या. 'डॉक्टरांनी सुचवलेलं', 'शंभर टक्के सुरक्षित', 'नैसर्गिक' असं छापलं असेल तर त्याचा पुरावा तयार ठेवा. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. आम्ही तक्रार पाठवताना तुमची जाहिरातच पुरावा म्हणून जोडू.

वितरक आणि होलसेलवाल्यांनी : बिलाशिवाय माल देऊ नका आणि घेऊ नका. बिलावर बॅच क्रमांक टाका. मुदत संपत आलेला माल स्कीमच्या नावाखाली खेड्यातल्या दुकानांत लोटायचा प्रकार असेल तर तो आजच थांबवा.

किराणा, जनरल स्टोअर आणि मेडिकलवाल्यांनी : सौंदर्यप्रसाधनं विकायला वेगळा परवाना लागत नाही म्हणून जबाबदारी नाही, असं समजू नका. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम १८-अ प्रमाणे निरीक्षकाने विचारलं की माल कोणाकडून घेतला हे तुम्हाला सांगावंच लागतं. ज्याच्याकडे खरेदीचं बिल आहे आणि ज्याने खबरदारी घेतली आहे त्याला कायदा संरक्षण देतो. ज्याच्याकडे बिल नाही तो एकटा पडतो. बनावट किंवा भेसळीच्या सौंदर्यप्रसाधनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान पन्नास हजारांचा दंड आहे. तुमची मुलंही याच गावातल्या शाळेत जातात. माल आत्ताच तपासा आणि नको तो परत पाठवा.

अन्न व औषध प्रशासनाने : तीस दिवसांच्या आत बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर आणि निमगाव केतकीच्या बाजारांतून बाळांच्या मालाचे नमुने घ्या. तपासणी लवकर करा, आणि निकाल चांगला येवो की वाईट, तो जाहीर करा. गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरातल्या टपऱ्यांची वेगळी तपासणी करा. मनुष्यबळ अपुरं आहे, हे कारण आम्ही ऐकून घेणार नाही. मनुष्यबळ मागणं हेही तुमचंच काम आहे.

डॉक्टरांना आणि बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आमची विनंती : अंगावर चट्टे घेऊन आलेल्या बाळाच्या आईला तुम्ही औषध देताच. तिला बाटली आणायला सांगा, केसपेपरवर तिचं नाव आणि बॅच लिहा. अशा नोंदी साठल्या तर पुढच्या वेळी कोणी 'तक्रारच नाही' असं म्हणू शकणार नाही.

आईबापांनो, तुम्हालाही बजावून सांगतो

दुसऱ्याला इशारा द्यायचा आणि आपल्या मोरीत काय ठेवलंय ते बघायचं नाही, हे चालणार नाही.

पहिल्या महिन्यांत साधं कोमट पाणी वापरा. पुढे साबण किंवा बॉडी वॉश लागलाच तर आठवड्यातून दोन-तीनदा, थोडासा, बिनवासाचा. मोठ्यांच्या पुडीतला शाम्पू बाळाला लावू नका. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव ओतू नका. बाळाचं अंग म्हणजे जखम नव्हे. नाकातोंडापाशी पावडर उडवू नका, ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. 'आयुर्वेदिक' किंवा 'घरगुती' म्हणून कापराचं तेल बाळाला चोळू नका. कापूर तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतो. काजळ डोळ्यांत घालू नका. दृष्ट लागू नये म्हणून तीट तळपायाला लावली तरी चालते.

डोळ्यांना झोंबत नाही म्हणजे माल सुरक्षित, असं धरू नका. न झोंबणारा शाम्पू फेस आणणारी सौम्य द्रव्यं वापरून बनवतात. त्यात डोळे बधिर करणारं औषध असतं ही अफवा आहे, ती पुढे पाठवू नका. पण न झोंबण्याचा आणि टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्याचा काही संबंध नाही. ते यादीतच वाचावं लागतं.

बाळाला लाली, खाज किंवा फोड आले तर तो माल त्याच दिवशी बंद करा आणि बाळाला दवाखान्यात न्या. बाटली फेकू नका. झाकण लावून, पावतीसकट जपून ठेवा. बाटली फेकली की पुरावाही गेला.

एकतिसाव्या दिवशी काय होईल

मुदत संपली की आम्ही पुढची पावलं उचलू. कोणती, ते आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी अंधारात ठेवलं असं म्हणायला नको.

एक. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणताही नागरिक स्वतः विकत घेतलेलं सौंदर्यप्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि त्याला विश्लेषकाच्या सहीचा अहवाल मिळतो. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. आता दोन तालुक्यांना माहीत झालं आहे. आम्ही वर्गणी काढून नमुने पाठवू.

दोन. अहवाल सदोष आला तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्र तक्रार दाखल होईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, त्यामुळे खर्चाची भीती आम्हाला घालू नका.

तीन. माहितीच्या अधिकारात प्रशासनाला विचारलं जाईल : गेल्या तीन वर्षांत या दोन तालुक्यांतून बाळांच्या किती मालाचे नमुने घेतले, निकाल काय आला, कारवाई काय झाली. दहा रुपयांचा अर्ज आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही तर अपील करू.

चार. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव घ्यावा, की यादी आणि बिल नसलेला बाळांचा माल आमच्या गावच्या बाजारात बसणार नाही. बाजाराची पावती फाडणाऱ्या ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने ही अट पथारीवाल्यांना घालावी.

पाच. तोवर ज्याला जिथे असा माल दिसेल त्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा आणि पाठपुरावा करावा.

दुकानाची तोडफोड, मालाची होळी, कोणाला धमकावणं, यातलं काहीही आमच्याकडून होणार नाही, आणि आमच्या नावावर कोणी केलं तर आम्ही त्याच्याविरुद्ध उभे राहू. आमच्या हातात पावती असेल, नमुना असेल आणि कायद्याचं कलम असेल. तेवढं पुरेसं आहे.

कंपन्यांना वाटत असेल की खेड्यातली माणसं लेबल वाचत नाहीत. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर, खताच्या गोणीवरचे आकडे, दुधाचं फॅट आणि उसाचा उतारा, हे सगळं वाचून भांडणारे हे दोन तालुके आहेत. फॅटचा एक पॉइंट कमी लागला तर डेअरीवर हिशेब मागणारा माणूस आपल्या लेकराच्या अंगाला काय लागतं, याचाही हिशेब मागणारच.

यादी लावा, बिल दाखवा, नमुने तपासा, निकाल जाहीर करा. जमत नसेल तर बाळांचा माल या दोन तालुक्यांतून उचलून न्या. मुदत तीस दिवसांची आहे आणि ती वाढवून मिळणार नाही.